लेक मिशिगन, १७ फुटी बोट आणि सॅमन: ट्रोलिंग करणारं इथे कोणी आहे का?

रसीनकर | १८ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. विस्कॉन्सिनमध्ये रसीनला राहतो, शिकागोपासून गाडीने उत्तरेला दीड तास. मूळचा कऱ्हाडचा, कृष्णेच्या काठी गळ टाकून बसण्यात लहानपण गेलं. गेल्या वर्षी एक जुनी १७ फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट घेतली. मागे ६० हॉर्सपॉवरचं इंजिन, त्याच्या शेजारी ९.९ची छोटी मोटर. हाताने फिरवायचे दोन डाउनरिगर आहेत, म्हणजे तारेला जड गोळा लावलेल्या चरख्या; दोरी तिथल्या चिमट्यात अडकवून गळ हव्या त्या खोलीवर नेतात. बायको आणि मी, दोघंच जातो.

घरी फोनवर सांगितलं की लगेच विचारतात, ट्रॉलर घेतलास का? म्हणून आधीच लिहितो. ट्रॉलर म्हणजे तळावरून जाळं ओढणारी बोट. मी म्हणतोय ते ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढणं. जाळं नाही. प्रत्येक दोरीला एकच आमिष, तेही बहुतेक वेळा पत्र्याचा चमचा किंवा फिरणारी चकचकीत पट्टी आणि तिच्यामागे झालरीची माशी. विस्कॉन्सिनात माणशी तीन दोऱ्या चालतात, म्हणून आम्ही दोघं सहा टाकतो. परवान्यावर ग्रेट लेक्सचा ट्राउट-सॅमन स्टॅम्प वेगळा घ्यावा लागतो.

मे महिना सोन्यासारखा गेला. कोहो सॅमन अगदी वरच्या दहा-पंधरा फुटांत होते. छोटी नारिंगी पट्टी, मागे बोटभर माशी, आणि बोटीच्या पंख्याने घुसळलेल्या पाण्यातसुद्धा येऊन घेत होते. आता जून अर्धा संपला आणि सगळं बिघडलंय. गेल्या शनिवारी ६० फूट पाण्यात सहा तास फिरलो, एकही ठोका नाही. त्याच्या आदल्या शनिवारी त्याच जागेवर चार मिळाले होते. धक्क्यावरचे लोक सांगतात, आता दहा-बारा मैल आत जायला लागतं. १७ फुटी बोटीने दहा मैल आत जावं का? आणि खोली नेमकी ठरवायची कशी? कोणी करत असेल तर मनापासून सांगा.

---

निवांत | १८ जून, रात्री १०:३५

मी पुण्यात बसून वाचतोय, त्यामुळे उपयोग शून्य. पण एक विचारू का? सॅमन समुद्रातला मासा ना? गोड्या पाण्याच्या सरोवरात कसा आला?

---

शिशिर_शबॉयगन | १९ जून, सकाळी ६:१०

रसीनकर, तुमच्या उत्तरेला सत्तरेक मैलांवर असतो. अठरा वर्षं हेच करतोय, त्यातली पहिली नऊ १६ फुटी बोटीत काढली. जरा सविस्तर लिहितो.

जागा लक्षात ठेवू नका, तापमान लक्षात ठेवा. मेमध्ये सगळं सरोवर वरपासून खालपर्यंत थंड असतं, म्हणून मासा वर असतो. जूनमध्ये ऊन लागलं की वरचा थर तापतो आणि खालच्या थंड पाण्यावर तरंगत राहतो. या दोन थरांच्या मध्ये काही फुटांतच तापमान भराभर उतरतं. शिनूक, ज्याला इथे सगळे किंग म्हणतात, तो त्या सीमेच्या जरा खाली, ५० ते ५४ अंश फॅरेनहाइटच्या आसपास राहतो. लेक ट्राउटला आणखी थंड लागतं, ४५-५०. स्टीलहेड, म्हणजे सरोवरात वाढणारा रेनबो ट्राउट, उलटा, तो उबदार बाजूला, कधी कधी अगदी पृष्ठभागाजवळ. म्हणजे एकाच जागी तीन मजल्यांवर तीन मासे राहतात. तुमची दोरी कुठल्या मजल्यावर आहे, एवढाच प्रश्न.

आता वारा. तुमचे ६० फुटांतले मासे गेले कुठे, याचं उत्तर वाऱ्यात आहे. ईशान्येचा किंवा पूर्वेचा वारा दोन दिवस वाहिला की सरोवरभरचं उबदार पाणी आपल्या किनाऱ्यावर येऊन साचतं आणि थंड थर खाली दाबला जातो. मग ६० फुटांत तळापर्यंत कोमट पाणी. मासा थंडाव्याबरोबर खोल आत जातो. नैर्ऋत्येचा किंवा दक्षिणेचा वारा वाहिला की उलट होतं. वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं. तुमच्या तिथल्या चौपाटीवर जुलैमध्ये एखाद्या सकाळी पाणी अचानक बर्फासारखं लागतं ना, ते हेच. त्या दिवशी किंग ४०-५० फूट पाण्यात, किनाऱ्यापासून मैल-दीड मैलावर मिळतात.

म्हणून दहा मैल आत जाऊ नका. दोन दिवस तसा वारा वाहू द्या, तिसऱ्या दिवशी तो पडला की पहाटे निघा. मोठ्या चार्टर बोटीला रोज गिऱ्हाईक असतं, तिला माशामागे जावंच लागतं. तुम्हाला थांबता येतं. छोट्या बोटीची खरी ताकद हीच आहे असं माझं ठाम मत आहे.

तापमान मोजायचं यंत्र महाग वाटत असेल तर फिशफाइंडरची संवेदनशीलता वाढवा. थरांच्या सीमेवर बारीक जीव आणि कण साचतात, त्याचा धुरकट पट्टा पडद्यावर दिसतो. एक डाउनरिगर त्या पट्ट्याच्या जरा वर, दुसरा दहा-पंधरा फूट खाली.

---

रसीनकर | १९ जून, दुपारी १२:४०

शिशिरदादा, हे वाचून लगेच जुनी वाऱ्याची नोंद काढली. गुरुवार-शुक्रवार ईशान्येचाच वारा होता! आणि मी वेड्यासारखे चमचे बदलत बसलो होतो, हिरवा, मग निळा, मग चंदेरी.

वेगाबद्दलही सांगा. जीपीएसवर ताशी २.४ मैल धरून चालतो. उत्तरेकडे जाताना मासे लागतात, दक्षिणेकडे परतताना नाही, असं दोनदा झालंय.

---

शिशिर_शबॉयगन | १९ जून, रात्री ८:०५

कारण जीपीएस बोटीचा जमिनीवरचा वेग सांगतो. तुमचा चमचा ६० फूट खाली वेगळ्याच प्रवाहात असतो. एका दिशेला तो २.४ने चालतो, परतताना ३च्या पुढे जाऊन गरगर फिरतो. डाउनरिगरच्या तारेचा कोन बघा. चांगला चालू असताना तार मागे किती झुकली आहे ते डोळ्यात साठवा आणि वळल्यावर तसाच कोन येईपर्यंत वेग कमी-जास्त करा. बारा पाउंडाचा गोळा वापरला तर तार कमी झुकते. आठ पाउंडाचा असेल तर मीटरवर ६० फूट दिसतं, प्रत्यक्षात गोळा बराच वर असतो.

सरळ रेषेत चालू नका. हळू नागमोडी वळणं घ्या. वळताना आतल्या बाजूची दोरी मंदावते, बाहेरची वेग घेते. बाहेरच्या दोरीला मासा लागला तर वेग थोडा वाढवा, आतल्याला लागला तर कमी करा. मासाच सांगतो त्याला काय हवंय.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. दोघंच असताना सहा दोऱ्या टाकू नका. चार पुरे. दोन डाउनरिगर, दोन्ही बाजूंना एकेक डिप्सी डायव्हर, म्हणजे दोरीला खाली आणि बाजूला खेचणारी चकती. डिप्सीवरचा आकडा ३ वर ठेवलात तर ती बोटीपासून लांब जाते, पण तितकी खोल जात नाही. ढोबळ हिशेब, तीन फूट दोरी सोडली की एक फूट खोली.

---

देवबागकर | २० जून, सकाळी ११:१५

वाचून फार आनंद झाला. आमचं घर देवबागला, तारकर्लीच्या पुढे. वडील तांडेल होते. सुरमईसाठी आम्हीपण होडीमागे गरी ओढतो. वेग असाच, नागमोडी वळण असंच. फक्त आमच्याकडे पाण्याचा रंग बघतात आणि पक्षी बघतात. तापमान कोणी मोजत नाही, पण "पाणी थंड लागतंय, आज मासा वर येईल" हे वडील हात बुडवून सांगायचे.

वाऱ्याबद्दल एक सांगतो. आमच्याकडे पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई, दुपारनंतर समुद्रावरून येतो तो खारा. मतलईने जायचं आणि खाऱ्याने यायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तुमचा किनारा सरोवराच्या पश्चिमेला आहे. म्हणजे पश्चिमेचा वारा हा तुमचा मतलई. मतलईत किनाऱ्याजवळ पाणी तव्यासारखं दिसतं आणि माणूस फसतो. आत गेल्यावर कळतं की लाट किती आहे, आणि परत यायचं ते वाऱ्याच्या तोंडावर. शिशिर म्हणतात तो वारा मासे जवळ आणेल, पण तो वाहत असताना निघू नका. पडू द्या. आमच्याकडे निदान खारा परत आणतो, तुमच्याकडे त्याची खात्री काय?

---

शिशिर_शबॉयगन | २० जून, दुपारी १:३०

देवबागकर, अगदी नेमकं बोललात. खात्री नाही. उन्हाळ्यात सरोवरावरून दुपारी झुळूक येते, पण पश्चिमेचा वारा जोरात असेल तर ती उभीच राहत नाही. "मतलई" हा शब्द आजपासून माझ्या बोटीवर वापरणार.

---

केवडा | २० जून, रात्री ९:२०

निवांत यांच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. मी मत्स्यशास्त्र शिकले आहे, त्यामुळे राहवत नाही.

सॅमन मिशिगन सरोवरातला मूळचा नाही. मूळचा मोठा शिकारी मासा होता लेक ट्राउट. जहाजांसाठी वेलंड कालवा झाला, नायगाराचा अडथळा ओलांडता येऊ लागला आणि अटलांटिककडून सी लॅम्प्री आत शिरली. ही जबडा नसलेली, बामसारखी लांबट. गोल तोंडाने माशाला चिकटते आणि रक्त शोषते. १९३६ मध्ये ती मिशिगन सरोवरात सापडली. बेसुमार मासेमारी आणि ही लॅम्प्री, दोन्ही मिळून १९५०च्या दशकापर्यंत लेक ट्राउट जवळपास संपला.

मागोमाग आला एलवाइफ. हेरिंगच्या कुळातला, आपल्या तारलीसारखा चंदेरी छोटा मासा. १९४९ मध्ये इथे नोंदला गेला. खाणारा कोणी उरलाच नव्हता, त्यामुळे तो इतका वाढला की १९६७ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या किनाऱ्यांवर मेलेल्या एलवाइफचे ढीग साचले आणि ते बुलडोझरने उचलावे लागले.

मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे हॉवर्ड टॅनर आणि त्यांचे सहकारी वेन टोडी यांनी पॅसिफिककडून कोहोची अंडी मागवली. १९६६ च्या वसंतात कोहोची पिल्लं प्लॅट नदीत आणि बेअर क्रीकमध्ये सोडली, पुढच्या वर्षी शिनूक. समोर एलवाइफचं ताट वाढलेलंच होतं. सॅमनला समुद्र लागतोच असं नाही. त्याला हवं थंड, प्राणवायूने भरलेलं मोठं पाणी, पोटभर खाणं आणि अंडी घालायला नदी. सरोवरालाच तो समुद्र मानतो, तीन-चार वर्षांनी आपल्या नदीकडे परततो, अंडी घालतो आणि मरतो. रसीनच्या रूट नदीवर राज्याचं केंद्र आहे, तिथे चढून आलेल्या माशांची अंडी काढून पिल्लं वाढवतात. शरदात नक्की बघायला जा.

पण हे ताट आता रिकामं होत चाललंय, आणि मला याची खरी काळजी वाटते. क्वागा नावाचे इवले शिंपले जहाजांच्या पाण्यातून आले. ते तळावर पसरून पाणी गाळतात, त्यातले सूक्ष्म जीव खाऊन टाकतात. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं आणि एलवाइफ उपाशी राहतो. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळला आणि त्यामागोमाग शिनूकही. म्हणून मिशिगन सरोवरात २०१३ पासून शिनूकची पिल्लं सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आणलं. मासेमार चिडले होते, पण तो निर्णय बरोबर होता.

---

निवांत | २१ जून, सकाळी ८:००

केवडाताई, चहा गार झाला वाचताना. मनापासून आभार. मग आपल्या रावसला इंडियन सॅमन का म्हणतात? तोही तसाच?

---

केवडा | २१ जून, सकाळी ९:४५

नाही, काहीही नातं नाही. रावस वेगळ्या कुळातला, छातीच्या परांखाली दोऱ्यासारखे लांब तंतू असतात त्याला. नाव बाजारात पडलं ते तसंच राहिलं.

---

मैथिली_टोरंटो | २१ जून, रात्री १०:५०

मी ओंटारियो सरोवरावर पोर्ट क्रेडिटहून जाते, भावाच्या १८ फुटी बोटीतून. आमच्याकडे माणशी दोनच दोऱ्या. आणि केवडा, आमच्या सरोवरात अटलांटिक सॅमन मूळचा होता, एकोणिसावं शतक संपेपर्यंत तो नाहीसा झाला. नदीनाल्यांवर गिरण्यांचे बंधारे घातले, जंगलं तोडली. आता तो परत आणायचे प्रयत्न चालू आहेत. एकदा एक छोटा लागला होता, अलगद सोडून दिला. तो दिवस विसरत नाही.

पण मी लिहायला आले ते दुसऱ्याच कारणाने. इतक्या चर्चेत थंड पाण्याबद्दल कोणी स्पष्ट लिहिलं नाही. मेमध्ये हवा ७० अंश असते, पाणी ४२. त्यात पडलं की पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही. तोंडात पाणी गेलं तर तिथेच संपलं. ते मिनिट निभावलं तर साधारण दहा मिनिटं हातपाय चालतात. शुद्ध जायला तासभर लागतो. पण तो तास जॅकेट असेल तरच मिळतो. पोहता येणं इथे कामाचं नाही.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही दोघं होतो. भावाला मोठा ब्राउन ट्राउट लागला, मी जाळी घ्यायला उठले आणि त्याने मोटर बंद केली. बोट फिरली, मागची बाजू लाटेकडे झाली. पहिली लाट आत, दुसरी आत, पाणी घोट्यापर्यंत. दोरी कापली, मोटर चालू केली, नाक लाटेकडे वळवलं. एवढंच झालं, पण घरी पोचेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तेव्हापासून मासा लागला तरी मोटर गिअरमध्येच राहते. जॅकेट धक्क्यावरच घालायचं, मोटर बंद पाडणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली, आणि व्हीएचएफ रेडिओ, संकटात मदत मागायचा चॅनेल १६. मोबाइलवर विसंबायचं नाही.

तुमच्या सरोवरावरही हे झालंय. सॅमन आल्यावर पहिल्याच हंगामात, २३ सप्टेंबर १९६७ ला, प्लॅट नदीच्या बाजूला शेकडो छोट्या बोटी पाण्यात होत्या. वादळाचा इशारा देऊनही लोक बाहेर पडले होते. सात जण गेले.

---

रसीनकर | २२ जून, सकाळी ७:१५

मैथिलीताई, बायकोला वाचून दाखवलं. आमची जॅकेटं सीटखाली असायची. रेडिओ आज मागवला.

---

देवबागकर | २२ जून, सकाळी १०:००

ताई, बरं केलंत लिहिलंत. मासा सुटला तर सुटला.

---

चित्रा_मिलवॉकी | २३ जून, संध्याकाळी ७:३०

खाण्याबद्दल कोणी लिहीत नाही, मग मीच लिहिते. मासा बोटीत आला की लगेच कल्ले कापून रक्त काढा आणि बर्फात ठेवा. अर्धा तास उन्हात पडलेला सॅमन कितीही मसाला लावा, वास मारतोच.

या सरोवरातल्या माशांच्या चरबीत पीसीबी नावाचं विषारी रसायन साठतं, जुन्या कारखान्यांतून आलेलं. म्हणून कातडी, पोटाकडची चरबी आणि बाजूने जाणारा तपकिरी पट्टा काढून टाकायचा. छोटा कोहो सगळ्यात बरा, त्याचं आयुष्यच तीन वर्षांचं. मोठा म्हातारा लेक ट्राउट मी घेत नाही. आणि राज्याचं पत्रक बघा, कुठला मासा महिन्यातून किती वेळा खावा ते त्यात असतं, गरोदर बायका आणि मुलांसाठी वेगळं.

कालवणात सॅमनचं तेल खोबऱ्याशी भांडतं, त्यामुळे वाटप नको. आमच्याकडे तिखलं करतात. लसूण, लाल तिखट, हळद, कोकम, चार तिरफळं ठेचून, पाणी अगदी कमी. तुकड्या घातल्यावर डाव घालायचा नाही, भांडं हलवायचं. रवा लावून तव्यावर करायचं असेल तर तेल नेहमीच्या निम्मं.

---

निवांत | २३ जून, रात्री ८:१०

तिरफळं तिकडे मिळतात?

---

चित्रा_मिलवॉकी | २३ जून, रात्री ८:२५

सासूबाई कुडाळहून येताना आणतात. डबा वर्षभर पुरवते.

---

रसीनकर | १ जुलै, रात्री १०:४०

मंडळी, काल जाऊन आलो. आधी काय झालं ते सांगतो. शनिवार मोकळा होता, पण नैर्ऋत्येचा वारा ताशी २० मैल. धक्क्यावर उभा राहिलो, किनाऱ्याजवळ पाणी अगदी शांत. दोन बोटी निघताना पाहिल्या. देवबागकरांचं वाक्य आठवलं आणि बोट परत घरी नेली. रविवारीही तसंच. सोमवारची रजा टाकली.

सोमवारी पहाटे चौपाटीवर जाऊन हात बुडवला. बोटं बधिर झाली. साडेचारला बोट पाण्यात, वारा जवळजवळ नाही. किनाऱ्यापासून सव्वा मैलावर, ५५ फूट पाण्यात धुरकट पट्टा २५ फुटांवर दिसला. एक गोळा २२ वर, दुसरा ३८ वर. दहा पाउंडाचे गोळे आहेत, तारेचा कोन बायको बघत होती. तिने दोनदा सांगितलं, "दक्षिणेला जास्त झुकतेय, कमी कर."

५:२० ला खालची काठी सुटली. चिमट्यातून दोरी निसटली की काठी एकदम सरळ उभी राहते आणि मग वाकते, ते बघून मी क्षणभर काहीच केलं नाही. रीळ किंचाळत होतं. दोनशे फूट दोरी गेली. मोटर गिअरमध्येच ठेवली, नाक वाऱ्याकडे. पंचवीस मिनिटं लागली. बायकोने डोक्याकडून जाळी घातली. १९ पाउंडांचा किंग. पाठ हिरवट, अंग चांदीचं, शेपटीवर दोन्ही बाजूंना काळे ठिपके, हिरड्या काळ्या. त्यानंतर वरच्या गोळ्यावर एक स्टीलहेड आला, पाण्याबाहेर तीन उड्या मारल्या आणि सुटला. मग एक कोहो. साडेआठला पूर्वेकडून झुळूक सुरू झाली, काठ्या गुंडाळल्या.

डिप्सीला मात्र एकही ठोका नाही. ३ वर होती, ९० फूट दोरी.

---

शिशिर_शबॉयगन | २ जुलै, सकाळी ५:५०

अभिनंदन, वहिनींचं आधी! ९० फूट म्हणजे ती तीस फुटांच्या आसपास चालली, मासे त्याहून खाली होते. १२०-१३० सोडा, नाहीतर आकडा २ करा. मागे मोठी पट्टी आणि माशी लावा, चमचा नको. पूर्वेचा वारा दोन दिवस राहील असं दिसतंय, त्यामुळे हा शनिवार सोडून द्या. पुढच्या आठवड्यात वारा फिरला की मी इथून गाडीला बोट लावून येतो, बरोबर निघू.

---

चित्रा_मिलवॉकी | २ जुलै, सकाळी ९:०५

कोहोचं काय केलंत?

---

रसीनकर | २ जुलै, दुपारी १:१५

तिखलं. तिरफळं नव्हती, पण कोकम होतं. शिशिरदादा, नक्की या. धक्क्यावर चार वाजता उभा असतो.